दोन द्रवांचं मिश्रण मोजताना: बेळगावच्या प्रयोगशाळेसाठी घनता, व्हिस्कॉसिटी आणि अपवर्तनांकाची कृती

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी 'बायनरी लिक्विड मिक्श्चर' हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच. कारणही सरळ आहे. काचेच्या दोन-तीन वस्तू, एक बरा वजनकाटा आणि पाण्याचा बाथ (तापमान स्थिर ठेवणारं पाण्याचं भांडं) एवढं असलं की काम सुरू होतं, आणि ते बेळगाव, निपाणी, खानापूरच्या बहुतेक सायन्स कॉलेजांत सापडतं. अडचण येते ती आकडे लिहून झाल्यावर. आलेख उंटाच्या पाठीसारखा वरखाली होतो आणि तो द्रवांचा गुण की आपल्या हाताचा, हे कळत नाही.

म्हणून स्वतःच्या नव्या मिश्रणाला हात लावण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे असं एक मिश्रण पूर्ण मोजून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या काळी त्यासाठी बेंझिन आणि सायक्लोहेक्झेन वापरत. बेंझिनमुळे कर्करोग होतो, तेव्हा ते बाजूला ठेवू आणि टोल्युइन व सायक्लोहेक्झेन घेऊ. दोन्ही स्वस्त आहेत, एकमेकांत कोणत्याही प्रमाणात मिसळतात, पाणी फारसं ओढत नाहीत. शिवाय मिसळल्यावर आकारमान चांगलं जाणवण्याइतकं वाढतं. २५ अंश सेल्सिअसला दोन्हींचे समसमान मोल (म्हणजे सारख्या संख्येने रेणू) घेतले तर ही वाढ दर मोलमागे साधारण ०.५७ घन सेंटीमीटर भरते. तुमचा आकडा ०.५ ते ०.६ या पट्ट्यात आला की हात बसला असं समजा आणि मग आपल्या मिश्रणाकडे वळा.

आधी तापमान, मग बाकी सगळं

टोल्युइन असो की सायक्लोहेक्झेन, तापमान एका अंशाने वाढलं की घनता साधारण ०.०००९ ग्रॅम प्रति मिलिलिटरने घटते. म्हणजे अंशाचा दहावा भाग चुकला की घनतेचा चौथा दशांश हलला. व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, तर याहून हळवी असते. सायक्लोहेक्झेनमध्ये एका अंशाला दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. त्यामुळे पाच दशांश दाखवणारा वजनकाटा आणून बाथ मात्र अर्ध्या अंशाने डोलत असेल, तर तो काटा शोभेचा.

कॉलेजांतल्या बहुतेक बाथांना फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. असा बाथ खोलीपेक्षा गरम राहू शकतो, थंड नाही. बेळगावात जून ते सप्टेंबर खोली बावीस-पंचवीस अंशांवर असते, तेव्हा ३० अंशांचा बाथ सुतासारखा सरळ चालतो. हिवाळ्यात सकाळी २५ अंशसुद्धा धरता येतात. एप्रिलच्या दुपारी मात्र खोलीच तेहेतीस-चौतीसवर जाते. तेव्हा ३० चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एक तर सकाळी लवकर बसा, नाही तर ३५ किंवा ४० अंश निवडा. बिदर-भालकीकडे उन्हाळा चाळिशी गाठतो, तिथे हे आणखी कडक पाळायला हवं. आपल्याकडच्या शोधनिबंधांत ३०३.१५, ३०८.१५ आणि ३१३.१५ केल्व्हिन (म्हणजे ३०, ३५ आणि ४० अंश) ही तापमानं इतकी का दिसतात, त्याचं मोठं कारण हेच आहे.

बाथमध्ये ढवळणी हवीच. थर्मामीटर ०.१ अंशाच्या खुणांचा घ्या. प्रयोगशाळेतला ११० अंशांचा नेहमीचा थर्मामीटर इथे चालणार नाही. थर्मामीटर तपासायचा तर डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाच्या चुऱ्यात शून्य बघा, उकळत्या पाण्यात शंभर बघायला जाऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ६९५ मिलिमीटर पारा इतकाच असतो आणि पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. हे लक्षात न घेता तपासणी केली तर चांगला थर्मामीटर अडीच अंशांनी 'खराब' ठरतो.

लाइट गेली तर परत आल्या आल्या रीडिंग घेऊ नका. बाथ स्थिर झाल्यावर आणखी अर्धा तास जाऊ द्या. शक्य असेल तर बाथची ढवळणी आणि वजनकाटा यूपीएसवर टाका. हीटरचा भार मात्र लहान यूपीएसला झेपत नाही.

द्रव शुद्ध आहे की नाही

एआर किंवा एचपीएलसी या शुद्ध दर्जाची बाटली घ्या. ४ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र गोळ्यांवर) द्रव रात्रभर ठेवा (सीव्ह आधी भट्टीत तापवून कोरडी केलेली असावी) आणि वरचा स्वच्छ द्रव गाळून घ्या. सीव्हची धूळ पुढे व्हिस्कोमीटरच्या (व्हिस्कॉसिटी मोजायच्या काचेच्या उपकरणाच्या) केसासारख्या बारीक केशनळीत अडकते, म्हणून गाळणं चुकवू नका. सोडियम धातूवर वाळवायची पद्धत पुस्तकात असते, पण या कामाला तिची गरज नाही आणि धोका मात्र पुरेपूर आहे.

डिस्टिलेशन केलंच तर पुन्हा उंची आडवी येते. टोल्युइनचा उत्कलनबिंदू पुस्तकात ११०.६ अंश असतो, बेळगावात तो १०७-१०८ वर येतो. सायक्लोहेक्झेन ८०.७ ऐवजी ७८ च्या जवळपास येतं. यावरून माल भेसळीचा ठरवून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कारवारच्या समुद्रकाठी हाच माल पुस्तकाप्रमाणे उकळेल.

शुद्धतेची खरी कसोटी म्हणजे घनता आणि अपवर्तनांक (द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो याचा आकडा). २५ अंशांचे आकडे जवळ लिहून ठेवा. टोल्युइनची घनता ०.८६२२ आणि अपवर्तनांक १.४९४१, सायक्लोहेक्झेनची घनता ०.७७३९ आणि अपवर्तनांक १.४२३५. पाण्याचे ०.९९७०५ आणि १.३३२५. घनतेत तीन-चार एककांहून जास्त (चौथ्या दशांशात) फरक असेल तर पुढे जाऊ नका.

मिश्रण करणं

मिश्रण नेहमी वजनाने करायचं, पिपेटने मोजून नाही. घासलेल्या काचेचं बूच असलेल्या ३० ते ३५ मिलिलिटरच्या बाटल्या घ्या. बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरली पाहिजे, कारण वर मोकळी जागा राहिली की जास्त उडणारा घटक तिथे वाफ होऊन बसतो आणि द्रवाचं प्रमाण बदलतं.

कमी उडणारा द्रव आधी घालायचा. इथे तो टोल्युइन. रिकामी बाटली बुचासकट तोला, टोल्युइन घाला, बूच लावून तोला, मग सायक्लोहेक्झेन घाला आणि लगेच बूच लावून पुन्हा तोला. समसमान मोलांसाठी साधारण १२.९० ग्रॅम टोल्युइन आणि ११.७८ ग्रॅम सायक्लोहेक्झेन लागतं, त्याचे जवळपास तीस मिलिलिटर होतात. समजा प्रत्यक्षात १२.९१३४ आणि ११.७७०२ ग्रॅम पडले. ९२.१४ आणि ८४.१६ या मोलर वजनांनी भागलं की ०.१४०१५ आणि ०.१३९८६ मोल येतात, आणि टोल्युइनचं मोल फ्रॅक्शन, म्हणजे एकूण मोलांमधला त्याचा वाटा, ०.५००५ येतं. हा आकडा आहे तसा लिहायचा. बरोबर ०.५००० आणण्यासाठी ड्रॉपरने थेंब थेंब घालत बसणं म्हणजे उघड्या बाटलीतून द्रव उडवणं. वहीत ०.१, ०.२, ०.३ असे गोल आकडे दिसले की परीक्षकालाच शंका येते.

नऊ मिश्रणं आणि दोन शुद्ध द्रव पुरेसे आहेत. सगळी एकाच दिवशी करू नका. ज्या दिवशी मोजायची त्याच दिवशी करा. मिसळण्याआधी दोन्ही द्रव अल्ट्रासॉनिक बाथमध्ये काही मिनिटं ठेवले तर विरघळलेली हवा निघून जाते, नाही तर बाथमध्ये गरम झाल्यावर पिकनोमीटरच्या (घनता मोजायच्या बाटलीच्या) भिंतीला बुडबुडे चिकटतात.

घनता: पिकनोमीटर

डिजिटल डेन्सिटीमीटर असेल तर भाग्यवान आहात. नसेल तर केशनळीचं बूच असलेली २५ मिलिलिटरची डेन्सिटी बॉटल घ्या. दहा मिलिलिटरची बाटलीही चालते, पण तोलातली तीच चूक तिथे अडीचपट जड पडते.

१. बाटली साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी ॲसिटोनने धुवा आणि गार, कोरड्या हवेने वाळवा. कडक ओव्हनमध्ये टाकू नका. तापून गार झालेल्या काचेचं आकारमान मूळ ठिकाणी यायला वेळ घेतं.

२. रिकामी बाटली बुचासकट तोला. समजा १७.२४१६ ग्रॅम.

३. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्याने काठोकाठ भरा, बूच बसवा आणि गळ्यापर्यंत बाथमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. केशनळीच्या तोंडाशी येणारा थेंब बाटली बाथमध्ये असतानाच फिल्टर पेपरच्या कडेने टिपा. केशनळीतलं पाणी शोषलं जाणार नाही इतक्या हलक्या हाताने.

४. बाहेर काढून फक्त मानेला धरा, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि लगेच तोला. मुठीत धरलेली बाटली क्षणात अर्धा अंश गरम होते.

५. हेच टोल्युइनने, सायक्लोहेक्झेनने आणि प्रत्येक मिश्रणाने करा. प्रत्येकाची किमान तीन भरणं. तिन्ही वजनं दोन मिलिग्रॅमच्या आत जुळली पाहिजेत.

चौथ्या पायरीत एक फसवी जागा आहे. बाथ खोलीपेक्षा गरम असेल तर बाटली बाहेर काढल्यावर द्रव आकसतो आणि केशनळीत खाली उतरतो. वजनात काही बदल होत नाही. उलट खोली बाथपेक्षा गरम असेल तर द्रव फुगतो, केशनळीच्या तोंडाशी थेंब येतो आणि पुसताना किंवा आपोआप उडून जातो. सायक्लोहेक्झेनसारखा द्रव तर वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या कमी होत जाताना दिसतो. उन्हाळ्यात दुपारी घेतलेली घनता ठरावीक दिशेने कमी येते ती यामुळेच. बाथ नेहमी खोलीहून दोन-चार अंश वर ठेवा, एवढंच त्यावर औषध.

आता हवेचा प्रश्न. वजनकाटा हवेत तोलतो, आणि हवा वस्तूला किंचित वर उचलते. त्याची दुरुस्ती अशी:

घनता = (द्रवाचं वजन ÷ पाण्याचं वजन) × (पाण्याची घनता − हवेची घनता) + हवेची घनता

बेळगावात हवेची घनता साधारण ०.००१०७ ग्रॅम प्रति मिलिलिटर धरा, कारवारला ती ०.००११६ च्या आसपास असते. पुस्तकातला ०.००१२ हा आकडा आपल्या उंचीला लागू नाही. उदाहरण घ्या: पाणी २४.९४६४ ग्रॅम, टोल्युइन २१.५६८८ ग्रॅम. नुसत्या गुणोत्तराने घनता ०.८६२०६ येते, दुरुस्ती करून ०.८६२२०. फरक चौथ्या दशांशातला आहे, पण आपलं सगळं भांडण चौथ्या दशांशाशीच आहे.

अपवर्तनांक: मोजणी आणि पहारा

ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर दोन मिनिटांत आकडा मिळतो, म्हणून त्याला दुय्यम समजतात. मला ते या कामातलं सर्वांत उपयोगी उपकरण वाटतं. टोल्युइन आणि सायक्लोहेक्झेनच्या अपवर्तनांकांत ०.०७ चं अंतर आहे, म्हणजे ०.०००१ चा बदल हा मोल फ्रॅक्शनमधल्या सुमारे ०.००१४ च्या बदलाइतका. मिश्रण केल्यावर लगेच एकदा आणि घनता-व्हिस्कॉसिटी मोजून झाल्यावर उरलेल्या द्रवाचा पुन्हा एकदा अपवर्तनांक घ्या. दोन्ही जुळले तर मधल्या वेळेत काही उडालं नाही. दुसरा आकडा टोल्युइनकडे सरकला असेल तर सायक्लोहेक्झेन गेलं आहे आणि ते मिश्रण पुन्हा करायला हवं.

प्रिझममधून बाथचं पाणी फिरवा, पाण्याने १.३३२५ दाखवतो का ते रोज सकाळी पाहा. द्रव काचेच्या ड्रॉपरने घाला, पण टोक प्रिझमला लागू देऊ नका. स्वस्त प्लॅस्टिकचे ड्रॉपर टोल्युइनमध्ये फुगतात, काही चक्क विरघळतात. प्रिझम झटकन बंद करा आणि अर्ध्या मिनिटात वाचा. रेघ पुसट होऊन सरकायला लागली की द्रव उडतो आहे, तो आकडा सोडून द्या. प्रिझम लेन्स पेपरनेच टिपा, ॲप्रनच्या कडेने नाही.

व्हिस्कॉसिटी

व्हिस्कोमीटर ऑस्टवाल्डचा घ्यावा की उबेलोडेचा? उबेलोडेत द्रवाचं आकारमान अचूक मोजावं लागत नाही ही सोय आहे, पण तिसरी नळी उघडी राहते आणि उडणाऱ्या द्रवाला पळायला आणखी एक वाट मिळते. ऑस्टवाल्ड घेतलात तर दर वेळी तेवढाच द्रव घालावा लागेल, तो २५ अंशांच्या बाथमधून काढलेल्या पिपेटने मोजा. केशनळी अशी निवडा की टोल्युइनला वाहायला दोनशे सेकंदांहून जास्त लागावेत. वेळ याहून कमी असेल तर द्रवाच्या गतीची दुरुस्ती टाळता येत नाही.

ती दुरुस्ती अशी असते: व्हिस्कॉसिटी = घनता × (पहिला स्थिरांक × वेळ − दुसरा स्थिरांक ÷ वेळ). दोन स्थिरांक काढायला दोन ओळखीचे द्रव लागतात. पाणी (२५ अंशांना ०.८९० मिलिपास्कल-सेकंद) आणि टोल्युइन (सुमारे ०.५५५) घ्या, आणि सायक्लोहेक्झेनवर (सुमारे ०.८९) पडताळा पाहा. पाणी वापरल्यावर व्हिस्कोमीटर ॲसिटोनने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्हिस्कोमीटर ओळंब्याने उभा करा. द्रव वर चढवताना तोंडाने ओढणं तर सोडाच, रबरी बल्बनेही ओढू नका. ओढल्याने वरची वाफ निघून जाते. दुसऱ्या नळीतून हलकेच हवा ढकलून चढवा. लागोपाठच्या तीन फेऱ्यांच्या वेळा ०.२ सेकंदांच्या आत जुळल्या पाहिजेत. वेळ प्रत्येक फेरीला वाढत चालली असेल तर द्रव उडतो आहे किंवा केशनळीत तंतू अडकला आहे, सरासरी काढून ते झाकता येत नाही. काच धुवायला क्रोमिक ॲसिड अजून बऱ्याच ठिकाणी कपाटात असतं. ते विषारी आहे, प्रयोगशाळेचा डिटर्जंट रात्रभर भरून ठेवला तरी काम होतं.

ध्वनीचा वेग

अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर (द्रवातल्या ध्वनिलहरीची लांबी मोजणारं उपकरण) असेल तर हेही मोजा. २ मेगाहर्ट्झला टोल्युइनमध्ये वेग २५ अंशांना सुमारे १३०५ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर ०.३३ मिलिमीटरच्या आतबाहेर. वीस शिखरांचं अंतर एकत्र मोजा आणि मायक्रोमीटर एकाच दिशेने फिरवा, मागे-पुढे केलं की आट्यांमधली ढिलाई मोजणीत घुसते. वेगाचा वर्ग गुणिले घनता, त्याचा व्यस्त म्हणजे संपीडनक्षमता, द्रव दाबल्यावर किती आकसतो ते. एवढं पुरे.

आकडेमोड

समसमान मिश्रणाची घनता ०.८१३४ आली असं धरा. मोल फ्रॅक्शनप्रमाणे सरासरी मोलर वजन ८८.१५४, त्याला घनतेने भागलं की १०८.३७७ घन सेंटीमीटर. मिसळल्याने काहीच बदललं नसतं तर आकारमान असतं ०.५००५ × १०६.८६६ अधिक ०.४९९५ × १०८.७४८, म्हणजे १०७.८०६. फरक ०.५७. हेच जादा मोलर आकारमान. आता घनतेत ०.०००२ ची चूक करून पुन्हा गणित करून बघा, उत्तर ०.०२७ ने, म्हणजे जवळपास पाच टक्क्यांनी हलतं. ज्या मिश्रणाचं जादा आकारमान मुळातच ०.०५ आहे, तिथे पिकनोमीटर घेऊन जाण्यात फारसा राम नाही, हेही यावरून कळतं.

नऊ बिंदूंना रेडलिच आणि किस्टर यांचं १९४८ सालचं समीकरण बसवायचं असतं. जादा आकारमानाला दोन्ही मोल फ्रॅक्शनच्या गुणाकाराने भागा आणि ते मोल फ्रॅक्शनच्या फरकासमोर मांडा. एक्सेलच्या लाइनेस्ट सूत्राने गुणांक निघतात. तीन गुणांकांवर थांबा. सहा घेतले की वक्र जवळजवळ प्रत्येक बिंदूतून जाईल, पण तो चुकांमधूनही जाईल. टोकाचे बिंदू (०.१ आणि ०.९) या भागाकारात फार उसळतात, त्यांचा गुणांकांवर अवास्तव जोर पडू देऊ नका.

जादा आकारमान धन का? शुद्ध टोल्युइनमध्ये सपाट कड्यांचे रेणू एकमेकांशी एका ढंगाने बसलेले असतात. सायक्लोहेक्झेनचा फुगीर रेणू मध्ये शिरला की ती बैठक मोडते आणि जागा जास्त लागते. व्हिस्कॉसिटी याच कारणाने सरळ रेषेच्या खाली जाते. तुमच्या आलेखात एक धन आणि दुसरं ऋण दिसलं तर दोन्ही मोजण्या एकमेकांना साक्ष देतात.

पुढचं मिश्रण आणि टाकाऊ द्रव

ऊसपट्ट्यातल्या माणसाला इथेनॉल सोडून चालत नाही. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधलं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, आणि इथेनॉल-टोल्युइन किंवा इथेनॉल-सायक्लोहेक्झेन ही त्या इंधनाची छोटी प्रतिकृती म्हणता येते. फक्त इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, खानापूरच्या पावसाळ्यात तर उघड्या बाटलीला काही मिनिटं पुरतात. त्यासाठी ३ अँगस्ट्रॉमची सीव्ह वापरा (४ मध्ये इथेनॉल स्वतःच अडकू शकतं) आणि मिश्रणं हिवाळ्यात करा. शुद्ध अल्कोहोल एक्साइजच्या परवान्यावर मिळतं, म्हणून अर्ज प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यातच टाका.

टोल्युइनचा भडकबिंदू (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो) ४ अंश आणि सायक्लोहेक्झेनचा उणे २० अंश, म्हणजे बेळगावच्या कडक थंडीतही दोन्ही पेटू शकतात. खोलीत बर्नर नको. खंडेनवमीला उपकरणांची पूजा जरूर करा, पण उदबत्ती बाहेर व्हरांड्यात लावा. नायट्राइलचे हातमोजे टोल्युइन लवकर भेदतं, सांडलं की लगेच बदला.

वापरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतू नका. क्लोरीन नसलेल्या द्रवांचा एक कॅन आणि क्लोरोफॉर्मसारख्यांचा वेगळा कॅन ठेवा, दोन्हींवर नाव आणि तारीख लिहा. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म हे मिश्रण मोजायला अनेकांना आवडतं, पण त्यात कॉस्टिकसारखा अल्कली पडला तर स्फोट होण्याइतकी उष्णता निघते. म्हणून भांडी धुतलेलं ॲसिटोन किंवा अल्कोहोलिक कॉस्टिक पोटॅश त्या दुसऱ्या कॅनमध्ये कधीही जाऊ नये. ही सूचना कॅनच्या झाकणावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चिकटवून ठेवा, म्हणजे सफाई करणाऱ्या मावशींनाही ती वाचता येईल.